कन्यादानाचा उपास

मंजुळाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी तातेरावांनी भाकरीचं ताट जसंच्या तसं परत पाठवलं. मांडवाच्या गडबडीत हे फक्त द्वारकाबाईंच्या ध्यानात आलं.

"काहून खाल्लं न्हाई?" चुलीपुढून उठून त्या थेट गोठ्याकडे आल्या.

"पित्त झालंय."

"तुमाला?"

तातेराव बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होते, लावतच राहिले. पित्त होणं हे या माणसाच्या स्वभावातच नव्हतं. तापात फणफणत असतानासुद्धा दोन भाकरी रिचवणारा हा गडी. आणि आज, सगळ्या दिवसांत नेमक्या आज, पित्त! द्वारकाबाईंना एका क्षणात सगळं समजलं. ज्या आईबापांना कन्यादान करायचं असतं, त्यांनी सकाळपासून मुहूर्तापर्यंत अन्नाचा कण खायचा नसतो, पाण्याचा घोट घ्यायचा नसतो. मुहूर्त गोरजाचा होता.

"अवो, तुमाला बसायचं न्हाई पाटावर," त्या हळूच म्हणाल्या. "ठरलंय ना तसं?"

"ठरलंय की. मी कुठं काय म्हणलो? पित्त झालंय म्हणलो."

ठरवलं होतं तातेरावांच्या थोरल्या भावानं, उकंडरावांनी. कळमनुरीच्या व्याह्यांनी बोलणी करतानाच विषय काढला होता, की मुलीचा जन्मदाता जिवंत असताना दुसऱ्यानं दान कसं करायचं? आणि मुलीची आई तर पाटाची. द्वारकाबाईंची पहिल्या घरी काडीमोड झाली, पंचांनी कडब्याची काडी दोघांच्या हातात देऊन मोडायला लावली, तेव्हा मंजुळा दुपट्यातली होती. पुढं बायको वारलेल्या तातेरावांशी त्यांचा पाट लागला, म्हणजे दुसरं लग्न झालं. पाटाची बाई घर चालवते, लेकरं वाढवते, पण लग्नाच्या होमाशी बसायचा मान तिला नाही. लेकीच्या हळदीलासुद्धा द्वारकाबाईंनी बोट लावलं नव्हतं. पाच सवाष्णींनी हळद दळली आणि त्या आत बसून गव्हातले खडे वेचत राहिल्या, खडे नसलेल्या गव्हातले.

म्हणून वऱ्हाडात मंजुळाच्या जन्मदात्याला, माणिकरावांना, बोलावणं गेलं. ते आणि त्यांची लग्नाची बायको आशाबाई कन्यादान करणार होते.

"तात्या, तोंड बारीक करून बसू नको," उकंडराव मांडवातूनच ओरडले. "पोरीचं भलं होऊन राहिलंय. आणखी काय पायजे?"

"मी कुठं काय म्हणलो?" तातेराव पुन्हा म्हणाले. त्या सकाळी त्यांचं हे एकच वाक्य होतं.

*

कनेरगावच्या नाक्यावर त्या वेळी माणिकरावांची बैलांची दमणी अडली होती. इकडे इंग्रजांचं वऱ्हाड, पलीकडे निजामाची हद्द, आणि मधल्या बांबूच्या अडसराखालून जाणाऱ्या प्रत्येक गाठोड्याशी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायाला कर्तव्य. जर्मनची लढाई चालू असल्यानं तर त्याला जास्तच जोर आला होता.

"इसमें क्या है?" त्यानं आशाबाईंच्या मांडीवरच्या बोचक्याला काठी लावली.

"लुगडं है साब. लडकी की शादी है."

"किसकी लडकी?"

"मेरी," माणिकराव म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून किती वर्षांनी बाहेर पडला होता! घरात मंजुळाचं नाव निघत नसे. माणिकरावांच्या आईला ते चालत नव्हतं, आणि आई गेल्यावर कुणाला सवय राहिली नव्हती. शिपायानं बांबू वर केला. माणिकराव मात्र तिथंच थोडा वेळ बैलांचे कासरे धरून बसले. याच रस्त्यानं ते द्वारकेला हिंगोलीचा दसरा दाखवायला घेऊन आले होते. नवीनच लग्न झालेलं होतं, तिला चालताना सारखा पदर सावरावा लागायचा. रावण जळाला तेव्हा ती एवढी घाबरली, की भर गर्दीत तिनं त्यांचं मनगट पकडलं आणि दमणीत बसेपर्यंत सोडलं नाही. घरी गेल्यावर आईनं मनगटावरचे काचेच्या बांगडीचे ओरखडे पाहिले आणि चार दिवस अबोला धरला. तेव्हा ते आईला काही बोलले नाहीत. पुढंही कधी बोलले नाहीत. काडी मोडतानाही बोलले नाहीत.

"उतरा," ते आशाबाईंना म्हणाले. "इथंच खाऊन घेऊ. तिथं आपल्याले पाणीबी घेता येनार न्हाई."

हीसुद्धा रीतच होती. काडीमोड झाल्यावर एकमेकांच्या घरचं अन्नपाणी वर्ज्य. माणिकराव रीतभात पाळण्यात फार काटेकोर, निदान ज्या रीती त्यांना ठाऊक होत्या त्यांच्या बाबतीत. आशाबाईंनी दशम्या सोडल्या, झुणका काढला, लसणाची चटणी काढली. दोघंही पोटभर जेवले. आशाबाई तर त्या दिवशी माहेरी निघालेल्या पोरीसारख्या खूश होत्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. आयुष्यात एकदा तरी आपल्या हातून लेकीच्या हातावर पाण्याची धार पडणार, या आनंदात त्यांनी एक दशमी जास्तच खाल्ली. वर हॉटेलातला गुळाचा चहा झाला.

ज्या घरात लेकीचं लग्न कधी निघालंच नाही, त्या घरात उपासाची आठवण करून देणार तरी कोण?

*

दुपारी दमणी तातेरावांच्या मळ्यात आली तेव्हा मांडवातलं बोलणं थांबलं. उकंडराव पुढं झाले, राम राम झाला, माणिकरावांसाठी निंबाच्या सावलीत घोंगडं अंथरलं गेलं. आशाबाईंना बायकांत कुणी न्यायचं हा प्रश्न होता. बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी द्वारकाबाईच पदर डोक्यावर ओढून बाहेर आल्या. हातात सवयीनं पाण्याचा तांब्या घेतला होता. अर्ध्या वाटेत त्यांच्या लक्षात आलं, आणि तो तांब्या त्यांनी निंबाच्या मुळाशी ओतून टाकला.

"या आशाबाई. तिकडं विहिरीपाशी सावली हाय."

खरं सांगायचं तर द्वारकाबाईंनी एक वाक्य तयार ठेवलं होतं. लग्न ठरल्यापासून दळताना, शेण काढताना त्या ते वाक्य मनात घोळवत होत्या. 'माझं घर घेतलंस, आता लेक घ्यायला आलीस व्हय?' असं ते वाक्य होतं. तोंडावर फेकायचं आणि निघून यायचं, असा बेत होता.

दोघी विहिरीच्या थारोळ्याच्या दगडी काठावर बसल्या. आशाबाई त्यांच्याहून बऱ्याच लहान निघाल्या. कपाळावर गोंदण, हातात हिरवा चुडा, आणि डोळे खाली.

"अक्का, तुमाले एक सांगू का?" आशाबाईच आधी बोलल्या. "रागावनार न्हाई न?"

"बोला."

"सासूबाई गेल्या, त्याच्या आधी महिनाभर त्याईले मानूस वळखू येत नोतं. मले 'द्वारके' म्हनत. 'द्वारके, पानी दे. द्वारके, पाय दाब.' मी 'जी' म्हनो."

द्वारकाबाईंनी वळून पाहिलं.

"मी आशा हाव, असं म्या कधी सांगतलं न्हाई. एकदा म्हने, 'द्वारके, तू रागावून गेली व्हती न? कवा आली?' म्हनलं, 'आलो जी, कालच आलो.' तवा लय शांत झोपल्या. अक्का, तुमच्या नावानं म्या त्याईले शेवटचं पानी पाजलं. तुमाले सांगा लागन, असं माह्या मनात व्हतं."

विहिरीवर कुणी नव्हतं म्हणून बरं झालं. द्वारकाबाईंचं ते इतक्या दिवसांचं वाक्य कुठल्या कुठं गेलं. त्या म्हातारीनं त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं होतं. तिच्यावर त्यांनी इतकी वर्षं मनापासून राग धरला होता, आणि त्या रागाची त्यांना सोबत झाली होती. आता तोही गेला. द्वारकाबाईंना एकदम ते घर आठवलं. कापसानं भरलेल्या खोलीचा उबदार वास, वेचणीहून आल्यावर सासूनंच कधीकाळी त्यांच्या बोटांतले बोंडांचे काटे सुईनं काढून दिले होते ते. हे त्या साफ विसरून गेल्या होत्या.

"परसात जाई व्हती," त्या म्हणाल्या. "मीच लावली व्हती. हाय का?"

"हाय न! मांडवभर झाली. तुमच्याच जाईची फुलं देवाले वाहतो मी."

दोघी हसल्या. हसता हसता द्वारकाबाईंनी डोळे पुसले आणि मग त्या कामाचं बोलू लागल्या, कारण बायकांना शेवटी कामाचंच बोलणं परवडतं.

"हे बघा, धार धरताना हात हालू देऊ नका. पोरगी भित्री हाय. घाबरली की तिचा श्वास लागतो, तवा कोपराला नुसता हात लावायचा, बोलायचं न्हाई. मी तसंच करते. आन् आता उन्हात फिरू नका. सकाळधरनं पोटात काही न्हाई तुमच्या, चक्कर येईल."

"काहून? पोटात काहून न्हाई?"

"म्हंजे उपास असंल ना तुमचा. कन्यादानाचा."

आशाबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्यामागचा जीव उडून गेला. "हो," त्या म्हणाल्या. "हो न. हाय उपास."

*

"कुनाले ठाऊक?" निंबाखाली आशाबाई नवऱ्याच्या कानाशी कुजबुजत होत्या. "नाक्यावर आपल्याले कोन वळखते? आपन न्हाई सांगतलं, तर देवबी सांगाले येनार न्हाई."

माणिकराव घोंगड्याचा धागा उपसत राहिले. न बोलण्यात त्यांचा हातखंडा होता.

"अवो, माह्या हातून दुसरं कोनतं लगन होनार हाय? सांगा बरं. जलमात एकडाव."

"गप राय."

आशाबाई उठून बायकांत जाऊन बसल्या. माणिकराव घोंगड्यावर आडवे झाले, पण झुणक्याचा एक करपट ढेकर आला आणि त्यांना आपलीच लाज वाटली. तेवढ्यात तातेराव आले. दोघं यापूर्वी एकमेकांशी कधी बोलले नव्हते. हिंगोलीच्या बाजारात एकदा दुरून पाहिलं होतं आणि दोघांनीही वाट बदलली होती.

"काही तकलीफ तर न्हाई?" तातेरावांनी विचारलं.

"न्हाई जी. बसा न."

तातेराव घोंगड्याच्या कडेला टेकले. ओठ सुकून पांढरे पडले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटत होती. माणिकरावांनी पानाची चंची पुढं केली.

"न्हाई. आज न्हाई."

"पान खात न्हाई तुमी?"

"खातो की. आज न्हाई."

माणिकरावांनी चंची मिटली. पुढचं विचारायची त्यांची छाती होत नव्हती, तरी त्यांनी विचारलं. "उपास धरला का जी?"

तातेराव चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "धरला असं न्हाई. कुणाचा मान घ्यायचा म्हणून न्हाई धरला, तुमी गैरसमज करू नका. पाटावर तुमीच बसायचं, ठरलंय बराबर. सकाळी भाकर उतरंना, एवढंच." मग थोडं थांबून ते म्हणाले, "गोवर निघाला व्हता तवा पोरगी माझ्याच अंगावर झोपायची. खाली ठेवली की रडायची. तवा बी असंच, भाकर उतरत नव्हती."

एवढं बोलून ते उठून गेले, कारण कुणीतरी गॅसबत्तीसाठी रॉकेल मागत होतं. माणिकराव उठून बसले. मंजुळाला गोवर कधी निघाला, हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती भित्री आहे, तिचा श्वास लागतो, तिला कुठली भाजी आवडत नाही, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. नाक्यावरच्या शिपायाला त्यांनी 'मेरी' म्हणून सांगितलं होतं, आणि त्यानं बांबू वर केला होता. एवढ्यावरच ते खूश झाले होते.

*

गाई परतायची वेळ झाली. कळमनुरीची वरात मांडवात आली, ताशा वाजायचा थांबला. अंतरपाटाच्या पलीकडे नवरदेव, अलीकडे मंजुळा, अंगानं बारीक, मुंडावळ्यांखाली नुसतं नाक दिसत होतं. द्वारकाबाई आतल्या दारात चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या दारापुढं यायची त्यांना मुभा नव्हती.

मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. लग्न लावणाऱ्या महाराजांनी कन्यादानाचे पाट मांडायला सांगितले आणि माणिकरावांकडे पाहून रोजच्या सवयीनं विचारलं, "उपास आहे ना दोघांचा?"

सगळ्यांना वाटलं, 'हो' म्हणतील आणि बसतील. उकंडराव तर धोतराचा सोगा सावरत पाटाची जागा सारखी करत होते. आशाबाई झारी घेऊन तयार होत्या, त्यांची नजर नवऱ्याच्या तोंडावर खिळली होती. त्या नजरेत सगळी विनवणी होती. माणिकरावांनी ती पाहिली. आईच्या पायी एका बायकोशी ते कधी धड बोलले नव्हते, आणि आता बोलले तर दुसऱ्या बायकोचं एकुलतं एक सुख जाणार होतं.

"न्हाई महाराज," ते म्हणाले. "आमी नाक्यावर जेवून आलो. दोघंबी."

मांडवात कुजबुज झाली. कळमनुरीचे व्याही उभे राहिले.

"हे काय माणिकराव?" उकंडराव जवळजवळ ओरडलेच. "जेवून कसं आलात तुमी? कन्यादानाला बाप जेवून येतो व्हय?"

"या घरचं पानी आमाले चालत न्हाई. म्हनून वाटंत खाल्लं. उपासाचं कोनी सांगतलं न्हाई, आन् मले सुचलंबी न्हाई." त्यांचा आवाज मांडवभर ऐकू जात होता. एवढं मोठ्यानं ते चारचौघांत कधी बोलले नव्हते. "पन सकाळपासून उपाशी असलेला बाप या मांडवात हाय. तिकडं, खांबाशी उभा हाय. त्याले बसवा."

तातेराव खरोखरच खांबाला टेकून उभे होते. सगळ्यांच्या माना वळल्या तसे ते आणखी मागे सरकले.

"जन्मदाता असताना..." व्याह्यांनी सुरुवात केली.

"जलमदाता मी हाव," माणिकराव म्हणाले. "माहा हक हाय न? मंग तो मी त्याईले देतो. महाराज, शास्त्रात बसते का न्हाई?"

महाराजांनी क्षितिजाकडे पाहिलं. सूर्य टेकला होता, मुहूर्त हातचा चालला होता. शास्त्राला अशा वेळी चटकन वाट सापडते. "पित्यानं अधिकार दिला तर चालतं," ते म्हणाले. "या तातेराव. पत्नी?"

"पाटाची," उकंडरावच बोलले. आता ते पूर्णपणे या बाजूला आले होते, आणि आपण आधी पलीकडे होतो हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"मग कमरेला सुपारी खोवा."

बायको पाच हातांवर दारात उभी असताना सुपारीला बायको मानून बसायचं, हे कुणी काढलं देव जाणे. पण त्या संध्याकाळी त्यावर कुणी भांडलं नाही. उकंडरावांनी स्वतःच्या हातानं भावाच्या कमरेला सुपारी खोवली आणि त्याला खांद्याला धरून पाटावर दाबून बसवलं. आशाबाईंनी झारी महाराजांपुढं ठेवली. त्यांचा चेहरा पडला होता, आणि तो लपवायला त्यांना जागा सापडेना. बायकांत जायचं सोडून त्या सरळ आतल्या दाराशी गेल्या. द्वारकाबाई बाजूला सरकल्या. दोघी एकाच चौकटीत उभ्या राहिल्या.

"मी त्याईले गप राहा म्हनलं व्हतं," आशाबाई रडू आवरत म्हणाल्या.

"मी बी तेच म्हणलं असतं," द्वारकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिचा हात धरला.

मंजुळाचा श्वास लागला होता. मुंडावळ्या थरथरत होत्या. तातेरावांनी काही न बोलता तिच्या कोपराला हात लावला. ते बघून आशाबाईंनी द्वारकाबाईंकडे पाहिलं, आणि आपण कुणाची जागा मागत होतो हे त्यांना तेव्हा कळलं.

महाराजांनी तातेरावांच्या हातावर पाणी सोडलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. गोत्र झालं, गाव झालं.

"कन्येच्या पित्याचं नाव?"

तातेरावांनी मान वर केली. या ठिकाणी कुणाचं नाव घ्यायचं हे त्यांना ठाऊक होतं. पाटावर बसायला मिळालं म्हणून रक्त बदलत नाही, हेही ठाऊक होतं. त्यांनी कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि ते 'माणिकराव' म्हणणार, एवढ्यात मागून आवाज आला.

"तातेराव," माणिकराव म्हणाले. "तातेराव म्हना, महाराज."

महाराजांनी तेच नाव घेतलं. दारात उभ्या असलेल्या द्वारकाबाईंनी तोंडात पदर कोंबला. पाटावर बसलेल्या तातेरावांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि हातावर संकल्पाचं पाणी असल्यामुळं त्यांना ते पुसता येत नव्हतं.